तीस वर्षं टिकेल अशी कडी

निघायच्या आदल्या रात्री भाचा प्लास्टिकचा टब कवटाळून आमच्या दारात उभा राहिला. शिकायला जर्मनीला निघालेल्या मुलाच्या हातात मेतकुटाचा डबा असावा, चकल्या असाव्यात. टबात कासव होतं.

"मामा, दोनच वर्षं. याचं काही करावंच लागत नाही."

'काही करावंच लागत नाही' असं सांगून आजवर माझ्या गळ्यात सोसायटीचं सचिवपद आणि एक कुत्रा पडलेला आहे. मी सावध व्हायला हवं होतं. पण आईने नातवाच्या गालावरून हात फिरवला आणि विषय संपला.

कुत्र्याचं नाव सरपंच. भोरजवळच्या एका धाब्यावर सापडला. तेव्हापासून उंबऱ्यात आडवा पडून असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने त्याची परवानगी घेऊनच पुढे सरकायचं असतं. कासवाचं नाव टर्बो. ते आईच्या जिभेवर बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं टरबूज झालं. रंगाकडे पाहता तेच बरं होतं. हे कानामागे लाल पट्टा असलेलं अमेरिकेकडचं कासव. दुकानात रुपयाएवढं मिळतं आणि पुढे ताटलीएवढं होतं, ही गोष्ट दुकानदार सांगत नाही.

दोघं एका घरात राहतील का, यावर इमारतीत मतमोजणी झाली. समोरच्या अण्णांचा मुद्दा बिनतोड होता. "जेजुरीला बघा. खंडोबापाशी कुत्रा आहे आणि देवळासमोर एवढं थोरलं पितळी कासव. कधी ऐकलंय भांडण?" नाही ऐकलं. पण जेजुरीचं कासव चालत नाही, त्याला वास येत नाही आणि त्याच्या पुढ्यात सुकट सांडलेली नसते. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की कासवाचं तोंड उत्तरेला आहे ना. मी म्हटलं, "जिकडे कुत्रा नाही तिकडे असतं."

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी आधी कासवाची जात पाहून घेतली. आपल्याकडचं स्टार कासव असतं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मलाच टबात बसावं लागलं असतं. मी धीर करून म्हणालो, "पण त्याला चिलखत आहे की!" त्यावर त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी दहावीच्या गणिताच्या पेपरानंतर पाहिली नव्हती. कासवाचं कवच म्हणजे अंगावर चढवलेलं पत्र्याचं खोकं नव्हे. पाठीचा कणा आणि बरगड्या त्यातच सांधलेल्या असतात. वरून नखासारखा थर आणि खाली जिवंत हाड. हात लावलेला त्याला कळतो, दुखलेलं कळतं, आणि कुत्र्याच्या दाढेखाली ते तडकतं. कुत्र्याच्या मनात वाईट असायची गरज नाही. जे समजून घ्यायचं ते तो तोंडानेच समजून घेतो.

"म्हणजे धोका कासवाला," मी सारांश काढला.

"कुत्र्यालाही. आणि तुम्हालाही."

धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या पोटातही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, ते विष्ठेतून पाण्यात उतरतात आणि तिथून ज्याच्या त्याच्या तोंडात. मुलं इवली कासवं तोंडात घालतात म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायलाच बंदी घातली. आमचा सरपंच या बाबतीत लहान मूलच. टाकीचं पाणी तो बिसलेरीच्या वर मानतो.

झालं, घरात सोवळं परतलं! आजीच्या सोवळ्याची आम्ही भावंडांनी जन्मभर टिंगल केली, त्याचा हिशोब टरबुजाने चुकता केला. त्याची बादली वेगळी, फडकं वेगळं, ते स्वयंपाकघराच्या ओट्याकडे फिरकायचं नाही, त्याला शिवलं की साबणाने हात धुवायचे, तोवर कशाला हात लावायचा नाही. आईचा चेहरा उजळला. "आमच्या सासूबाई हेच म्हणायच्या," असं ती दिवसातून चारदा ऐकवते.

टाकी माझ्या अभ्यासाच्या खोलीत गेली. शेकायला वरून दिवा, अतिनील किरणांची वेगळी नळी, गाळणीचं यंत्र. अभ्यास मी जेवणाच्या टेबलावर करतो. चौथ्या दिवशी सरपंच पंजाने दाराचा दांडा दाबून कुलूप नसलेलं दार उघडायला शिकला. मग उंचावर कडी बसवली. ती आईच्या हाताला लागेना, म्हणून खाली स्टूल. स्टुलावर सरपंच चढतो, म्हणून स्टूल आत. आत असलेलं स्टूल बाहेरून वापरता येत नाही, हे आमच्या लक्षात यायला दोन दिवस गेले.

आणि मग तो रविवार. मी ड्राय बाल्कनीत टाकी घासत होतो, टरबूज निळ्या बादलीत होतं, आणि गॅसवाल्याने बेल वाजवली. दोन मिनिटं, फार तर तीन. परत आलो तर घरात शांतता. कुत्रा असलेल्या घरात शांतता पसरली की आधी धावायचं, कारण नंतर शोधायचं.

बादली आडवी होती. हॉलमध्ये सरपंच आपल्या गोधडीवर पसरला होता आणि पुढच्या दोन पंजांत नळीचं हाड धरावं तसं टरबूज धरून चाटत होता. डोळे मिटलेले, समाधी लागलेली. तेवढ्यात कवचातून डोकं अगदी सावकाश बाहेर आलं, इकडेतिकडे पाहिलं आणि सरपंचाच्या खालच्या ओठाला लटकलं.

कासवाला दात नसतात. चोचीसारखी कड असते, तेवढी पुरते. सरपंचाची आरोळी अण्णांच्या घरी कुकरच्या शिट्टीच्या वर ऐकू गेली. टरबूज सुटून गोधडीवर पडलं, हे त्याचं नशीब, फरशीवर पडलं असतं तर वेगळं लिहावं लागलं असतं.

एकाच रिक्षातून चौघं निघालो. बायकोच्या मांडीवर केकाटणारा सरपंच, माझ्या मांडीवर बादली. रिक्षावाल्याने आरशातून दोघांना न्याहाळलं आणि विचारलं, "पेशंट कोणता?"

कवचाच्या कडेला दाताची एक चरी, ओठाला एक भोक. मॅडमनी चरी साफ केली, मलम लावलं आणि जखम सुकेपर्यंत कासवाला बराच वेळ कोरडं ठेवायला सांगितलं. मी म्हणालो, "एक बरं झालं, सरपंच आता घाबरलाय. प्रश्न मिटला."

"घाबरलेला कुत्राच चावतो," त्या बिल लिहिताना म्हणाल्या.

अण्णांनी कासव मुठा नदीत सोडून द्यायचा सल्ला दिला, पुण्यही लागेल म्हणाले. लागणार नाही. बाहेरून येऊन इथल्या जलचरांच्या तोंडचा घास पळवणारी याची जात जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे. तेव्हा ते आमच्याकडेच आहे. सरपंच हल्ली उंबरा सोडून त्या खोलीच्या दाराशी आडवा पडतो. पाहुणे फोटो काढतात, "किती जीव लावलाय!" म्हणतात. मी वर कडीकडे बघून घेतो.

परवा भाच्याचा फोन आला. त्याला तिकडेच नोकरी लागते आहे. "मामा, अजून थोडी वर्षं. तसं ते तीस वर्षं सहज जगतं."

मी अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि सुताराला लावला.