सिकंदराने त्या तीन इच्छा सांगितल्याच नव्हत्या

जग जिंकून मायदेशी परतणारा सिकंदर वाटेत आजारी पडतो. आईचं तोंड एकदा पाहायचंय, पण तेवढे श्वास उरलेले नाहीत हे कळल्यावर तो सेनापतींना जवळ बोलावून तीन इच्छा सांगतो. माझी शवपेटी माझ्या वैद्यांनीच वाहून न्यावी, म्हणजे मरणापुढे वैद्याचंही काही चालत नाही हे लोकांना कळेल. दफनाच्या वाटेवर माझ्या खजिन्यातलं सोनं आणि हिरे-माणकं उधळावीत, म्हणजे त्यातला कणही सोबत येत नाही हे दिसेल. आणि माझे दोन्ही हात पेटीबाहेर लोंबते ठेवावेत, म्हणजे रिकाम्या हाताने आलो नि रिकाम्या हाताने चाललो हे जगाला समजेल.

ही पोस्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. प्रेरणादायी भाषणांत, निवृत्तीच्या निरोप समारंभांत आणि दहाव्याच्या प्रवचनांतही ती हमखास निघते. सिकंदरावरचा आपला जवळजवळ सगळा इतिहास ज्या प्राचीन ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांवर उभा आहे, त्यांपैकी एकातही यातली एकसुद्धा इच्छा नाही. ती नसण्यात अपघात नाही. त्या ग्रंथांत जो माणूस दिसतो, तो या पोस्टमधल्या माणसाच्या जवळजवळ उलट आहे.

आधी माहितीच्या पायाबद्दल थोडं. सिकंदराच्या सोबत्यांनी लिहिलेली मूळ पुस्तकं टिकलेली नाहीत. आपल्या हाती आहेत ते डायोडोरस, कर्टियस, प्लुटार्क, एरियन, जस्टिन, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षांनंतरचे आणि त्याहूनही उशिराचे लेखक. पण त्यांच्यासमोर ती जुनी पुस्तकं होती. एरियनने मुख्यतः टॉलेमी (सिकंदराचा सेनापती, नंतर इजिप्तचा राजा) आणि अ‍ॅरिस्टोब्युलस यांचा आधार घेतला, आणि हे दोघेही मोहिमेत प्रत्यक्ष होते. शिवाय एक पुरावा थेट त्या काळातला आहे. सिकंदर जिथे मेला त्या, आजच्या इराकमधल्या बॅबिलोनचे खगोलनिरीक्षक मातीच्या पाट्यांवर रोजच्या नोंदी करत. त्यांची त्या महिन्याची पाटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर 29 तारखेला राजा मेला एवढीच नोंद आहे आणि लगेच आभाळात ढग असल्याचा उल्लेख. आपल्या हिशेबाने ती तारीख 11 जून, इ.स.पू. 323. कारकुनाला ढगही तेवढेच महत्त्वाचे होते.

आता ‘मायदेशी परतताना’. सिकंदर कुठेही परतत नव्हता. इ.स.पू. 324 मध्ये त्याने दहा हजारांच्या आसपास जुने सैनिक सेनापती क्रेटरसबरोबर मॅसिडोनियाला रवाना केले आणि स्वतः मागे राहिला. बॅबिलोनला त्याने हजार युद्धनौका मावतील असं बंदर खोदायला घेतलं होतं. पुढचं लक्ष्य होतं अरबस्तान. एरियन त्याची कारणं देतो: अरबांनी दूत पाठवले नव्हते, तिथे मसाल्यांची आणि सुगंधी द्रव्यांची संपत्ती होती, आणि अरब दोनच देवांना भजतात असं ऐकल्यावर तिसरे देव आपणच व्हावं असं या गृहस्थांना वाटत होतं.

शेवटच्या दिवसांचा वृत्तान्त एरियन आणि प्लुटार्क या दोघांनी दरबारी रोजनिशीच्या हवाल्याने दिला आहे. ती रोजनिशी कितपत अस्सल यावर अभ्यासकांत वाद आहे, तरी दोघांचं चित्र बरंचसं जुळतं. मीडियस नावाच्या मित्राकडच्या रात्रभराच्या पिण्यानंतर ताप भरला. दुसऱ्या दिवशी स्नान, मग मीडियसबरोबर दिवसभर फासे. त्यानंतरचा दिवस स्नानगृहात पडून आरमारप्रमुख निआर्कसकडून समुद्रप्रवासाच्या हकिकती ऐकण्यात गेला. रोज सकाळी पूजा चालूच होती, चालता येईना तेव्हा पलंगासकट वेदीपाशी नेत. अंगात ताप फणफणत असताना तो अधिकाऱ्यांना पायदळाने अमुक दिवशी निघायचं, आरमाराने त्याच्या दुसऱ्या दिवशी, अशा सूचना देतो आहे. ताप उतरत नाही म्हणून निघायचा दिवस पुढे जातो, बेत मात्र कायम. शेवटी वाचा गेली. सैनिकांना वाटलं राजा मेलाय आणि आपल्यापासून लपवताहेत, तेव्हा ते दारावर धडकले. त्यांना एकेक करून पलंगासमोरून जाऊ दिलं. एरियन म्हणतो, त्याला बोलता येत नव्हतं, पण कष्टाने मान उचलून तो प्रत्येकाला डोळ्यांनी ओळख देत होता.

म्हणजे सेनापतींना गोळा करून तीन कलमी प्रवचन देण्याच्या वेळी या माणसाला एक शब्दही उच्चारता येत नव्हता. काही लेखक त्याच्या तोंडी शेवटचे शब्द घालतात, पण तेही राज्याबद्दलचे आहेत. राज्य कुणाला, या प्रश्नाला ‘जो सर्वांत समर्थ त्याला’ हे उत्तर आणि सेनापती पर्डिकसच्या हाती दिलेली अंगठी. आपल्या अंत्यसंस्काराचे खेळ मोठे होणार आहेत, असं भाकीतही ते त्याच्या नावावर लावतात.

वैद्यांचा मुद्दा तर मुळातच चुकीच्या माणसावर चिकटवला आहे. वैद्य मरणापासून वाचवू शकत नाहीत, हे सिकंदराने शिकवावं? त्याला वैद्यांनीच वाचवलं होतं. इ.स.पू. 333 मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या टार्ससला किडनस नदीच्या गार पाण्यात उतरल्यावर तो इतका आजारी पडला की बाकीचे वैद्य हात लावायला घाबरत होते. अकर्नानियाचा फिलिप नावाचा वैद्य एक जालीम काढा द्यायला तयार झाला. तेवढ्यात पार्मेनियन या ज्येष्ठ सेनापतीचं पत्र आलं: फिलिपला इराणचा राजा दारियसने पैसे चारलेत, तो विष देईल, सांभाळा. सिकंदराने पत्र उशीखाली ठेवलं. फिलिप पेला घेऊन आल्यावर एका हाताने पेला घेतला, दुसऱ्या हाताने पत्र त्याच्या हाती दिलं, आणि तो वाचत असतानाच काढा पिऊन टाकला. काही दिवसांत उठून बसला.

पुढे मल्ल नावाच्या जमातीच्या किल्ल्यावर, आजच्या पाकिस्तानी पंजाबात, छातीत बाण घुसला. तो कापून काढणारा कॉस बेटावरचा वैद्य होता असं काही लेखक सांगतात, काहींच्या मते वैद्य हजर नसल्यामुळे पर्डिकसने तलवारीनेच जखम मोठी करून तो काढला. कसंही असो, तो जगला. वैद्यकीबद्दल त्याला स्वतःला आवड होती, मित्रांना पथ्यपाणी लिहून कळवायचा, हे प्लुटार्कने नमूद केलंय.

आणि वैद्य हरला तेव्हा त्याने काय केलं, तेही ठाऊक आहे. इ.स.पू. 324 मध्ये आजच्या इराणमधल्या एकबतानाला त्याचा जिवलग हेफेस्टियन तापाने आजारी होता. वैद्य ग्लॉकियस नाट्यगृहात गेल्याचं पाहून या रुग्णाने उकडलेला कोंबडा हाणला, वर भांडंभर गार दारू रिचवली, आणि थोड्याच वेळात गेला. सिकंदराने ग्लॉकियसला मृत्युदंड दिला, प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणे सुळावर. मरणापुढे वैद्याचं काही चालत नाही हे समजून घेण्याची तयारी असती तर त्या बिचाऱ्याचा जीव वाचला असता.

सोनं आणि रिकामे हात हे दोन मुद्दे एकत्रच घेऊ, कारण डायोडोरसने त्या अंत्ययात्रेचं वर्णन इतकं सविस्तर केलंय की वेगळं काही बोलायची गरज उरत नाही. मृत्यूनंतर सेनापती वारसावरून भांडत बसले आणि प्रेत कित्येक दिवस तसंच पडून राहिलं. मग त्यात मसाले भरून ते जतन केलं गेलं. अंत्ययात्रेचा रथ तयार व्हायला जवळजवळ दोन वर्षं लागली. पेटी ठोकलेल्या सोन्याची, देहाच्या मापाने घडवलेली, आत सुगंधी द्रव्यं भरलेली. तिच्यावर सोन्याचं झाकण. झाकणावर सोन्याच्या कशिद्याचं जांभळं वस्त्र, शेजारी त्याची शस्त्रं. त्यावर रत्नं जडवलेलं सोन्याचं कमानी छत, भोवती आयोनिक धाटणीचे सोनेरी खांब, चार बाजूंना चित्रफलक. एकावर रथात बसलेला सिकंदर, दुसऱ्यावर लढाईच्या साजातले हत्ती, तिसऱ्यावर घोडदळ, चौथ्यावर युद्धनौका. हे सगळं ओढायला 64 खेचरं, प्रत्येकाच्या डोक्यावर सोनेरी मुकुट, गालांजवळ सोन्याच्या घंटा, गळ्यात रत्नांचे पट्टे. पुढे रस्ता दुरुस्त करणारी माणसं आणि कारागीर.

त्या मापात बसवलेल्या बंद पेटीतून हात बाहेर कुठून काढणार होते? आणि सोनं वाटेवर उधळलेलं नव्हतं, ते त्याच्या अंगाला लपेटून त्याच्यासोबतच चाललं होतं. त्यातला कणही सोबत येत नाही हा धडा द्यायला यापेक्षा गैरसोयीची अंत्ययात्रा सापडणार नाही.

शिवाय ती ठरल्या ठिकाणी पोचलीच नाही. इजिप्तच्या वाळवंटातल्या सिवाच्या ओॲसिसमध्ये, अमॉन देवाजवळ पुरावं अशी त्याची इच्छा होती असं काही लेखक सांगतात. अंत्यविधीबद्दलची प्राचीन ग्रंथांतली त्याची इच्छा म्हणायची तर ही, आणि ती स्वतःला देवाचा पुत्र मानणाऱ्याची आहे. टॉलेमी सैन्य घेऊन सीरियापर्यंत आला आणि मिरवणूक इजिप्तला घेऊन गेला, आधी मेम्फिसला आणि नंतर प्रेत अलेक्झांड्रियाला गेलं. पर्डिकस इजिप्तवर चालून गेला तो बऱ्याच अंशी यामुळेच, आणि तिथे आपल्याच अधिकाऱ्यांच्या हातून मेला. सोन्याची मूळ पेटीही टिकली नाही. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की टॉलेमीच्याच घराण्यातल्या, त्याच नावाच्या पुढच्या एका राजाने ती लुटली, नि स्ट्रॅबोच्या काळी प्रेत काचेच्या पेटीत होतं.

राहता राहिला पश्चात्ताप. पोस्टचा खरा प्राण तोच आहे: मरताना सिकंदराला सगळ्या धडपडीचं वैयर्थ्य उमगलं. त्याच्या मृत्यूनंतर पर्डिकसने त्याच्या कागदपत्रांतले पुढचे बेत सैन्यासमोर वाचून दाखवले, ते डायोडोरसने नोंदवलेत. उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज आणि पश्चिमेकडच्या स्वारीसाठी हजार मोठ्या युद्धनौका. आफ्रिकेच्या किनाऱ्याने थेट हर्क्युलिसच्या खांबांपर्यंत, म्हणजे जिब्राल्टरपर्यंत, रस्ता. प्रत्येकी 1,500 टॅलेंट खर्चाची सहा देवळं, आणि एक टॅलेंट म्हणजे सुमारे 26 किलो चांदी. बाप फिलिपसाठी इजिप्तच्या सर्वांत मोठ्या पिरॅमिडच्या तोडीचं थडगं. आशियातली माणसं युरोपात आणि युरोपातली आशियात हलवणं. यातला तपशील कितपत अस्सल यावर इतिहासकार भांडतात. मात्र ऐकणाऱ्या मॅसिडोनियन सैन्याला तो खोटा वाटला नाही, अवाजवी वाटला. त्यांनी सगळे बेत रद्द केले. हेफेस्टियनच्या अंत्यसंस्काराला आणि स्मारकाला त्याने 10,000 टॅलेंट लावायचं ठरवलं होतं, तेही लक्षात घ्या. मरणाच्या आधीच्या वर्षातला हा माणूस आहे.

आईबद्दल थोडक्यात. ऑलिंपियासवर त्याचं प्रेम होतं यात शंका नाही. मागे मॅसिडोनियाचा कारभार पाहणाऱ्या अँटिपॅटरने तिच्याविरुद्धच्या तक्रारींचं लांबलचक पत्र पाठवलं तेव्हा, आईचा एक अश्रू अशी दहा हजार पत्रं पुसून टाकतो हे या माणसाला कळत नाही, असं तो म्हणाल्याचं प्लुटार्क सांगतो. पण इ.स.पू. 334 मध्ये आशियात उतरल्यापासून अकरा वर्षं त्याने तिला पाहिलं नव्हतं, आणि पाहायला जाण्याचा बेतही कुठे दिसत नाही. उलट, नऊ महिने पोटात ठेवल्याचं भाडं आई फार जबर वसूल करते, असंही तो म्हणाल्याची आख्यायिका एरियनकडे आहे. ग्रीक हिशेबाने महिने दहा.

मग ही गोष्ट आली कुठून? सिकंदराच्या मृत्यूनंतर काही शतकांत त्याच्याबद्दलची एक अद्भुत कादंबरी तयार झाली, आणि सीरियाक, अरबी, फारसी असं करत ती जगभर पसरली. नवव्या शतकातल्या बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाकने जमवलेल्या सुभाषितांत तत्त्वज्ञ सिकंदराच्या सोन्याच्या पेटीभोवती उभे राहून एकेक वाक्य बोलतात: काल हा सोन्याला जपत होता, आज सोनं याला जपतंय, अशा धाटणीची. याच परंपरेत तो आईला सांत्वनाचं पत्र लिहितो: मी गेल्यावर मेजवानी घाल, पण ज्याच्यावर कधी दुःख कोसळलं नाही त्यालाच बोलाव. कुणीच येत नाही. बुद्धकथेतल्या किसा गोतमीची मोहरी आठवणाऱ्याला हे वळण ओळखीचं वाटेल. रिकाम्या हातांची कल्पना फारसी आणि उर्दू कवितेत इतकी रुळली की तिथून ती हिंदीत, आपल्याकडे आणि शेवटी मोबाइलमध्ये आली. सुंदर साहित्य आहे. फक्त त्याला इतिहास म्हणू नये.

यावर ठरलेलं उत्तर येतं: गोष्ट खोटी असेना, शिकवण तर चांगली आहे! मान्य, आणि ती शिकवण प्राचीन ग्रंथांत खरोखरच आहे. पण तिथे ती सिकंदर देत नाही, सिकंदराला दिली जाते. एरियनच्या सातव्या पुस्तकात हिंदुस्थानातले काही संन्यासी कुरणात बसलेले असताना त्यांना सिकंदर आणि त्याचं सैन्य दिसतं. ते काही न बोलता जमिनीवर पाय आपटतात. दुभाष्याकरवी अर्थ विचारल्यावर ते सांगतात: राजा, प्रत्येक माणसाच्या मालकीची जमीन पायाखाली मावेल एवढीच असते. तूही इतरांसारखाच माणूस, फक्त घरदार सोडून इतका लांब आलास, स्वतःला आणि दुसऱ्यांना त्रास देत. लवकरच मरशील, आणि पुरायला पुरेल एवढीच जमीन तुझी होईल.

सिकंदराने त्यांची वाहवा केली आणि, एरियन पुढच्याच वाक्यात लिहितो, वाहवा केली त्याच्या नेमकं उलट वागला. तक्षशिलेला त्याने दंदामिस नावाच्या वृद्ध संन्याशाला बरोबर चलायचा आग्रह केला. दंदामिस म्हणाला, तुझ्याकडे आहे त्यातलं मला काही नको, या भूमीत ऋतूप्रमाणे जे पिकतं ते मला पुरतं. सिकंदराने त्याच्यावर जबरदस्ती केली नाही. तो सैन्य घेऊन झेलमकडे निघाला, तिथे पोरस वाट पाहत होता.