लावालावी

कट्टा ओला असला की शिरीष घरून जुना पेपर घेऊन येतो आणि बसायच्या आधी सगळ्यांना एकेक पान वाटतो. परवाच्या रविवारी पक्याला क्रीडा पान मिळालं, मला छोट्या जाहिराती. शिवाजी पार्क, उद्यान गणेशाच्या अलीकडची आमची नेहमीची जागा. नंद्या उशिरा येणार होता, पार्ल्याला कुणाच्या तरी गाण्याला त्याची तबल्याची साथ होती. पक्याने पान अंथरलं आणि बसता बसताच सुरुवात केली.

"काल रात्रभर पोराचं धाडधाड चालू होतं. एका गाण्यात हाताने वाजवलेलं एक वाद्य असेल तर शपथ! आवाजसुद्धा मशीनने सुरात आणायचा. आपल्या वेळी माणसं स्टेजवर उभी राहून वाजवायची रे. घाम दिसायचा घाम."

पक्याचं हे दुखणं जुनं आहे, पावसाळ्यात जरा जास्त उठतं.

"आपल्या वेळी म्हणजे कधी?" शिरीषने विचारलं. "अमेरिकेतली ती वुडस्टॉकची संगीताची जत्रा झाली ऑगस्ट 1969 मध्ये. तेव्हा तू लंगोटात होतास."

"पिक्चर पाहिलाय ना मी."

"हां. पिक्चर पाहिलायस. तेवढंच म्हणतोय."

शिरीष जन्मभर जाहिरातींचं एडिटिंग करत आला. स्टीनबेकच्या टेबलावर फिल्म कापून चिकटपट्टीने जोडायची, त्या काळात शिकलेला माणूस. त्याच्यासमोर 'खरं' हा शब्द काढायचा नसतो. पक्या दर वेळी काढतो.

"गिटारवाला हेंड्रिक्स आठवतो ना वुडस्टॉकचा? पांढरा झालरीचा शर्ट, डोक्याला लाल फडकं, आणि समोर जनसागर? अरे, तो वाजवायला उभा राहिला तेव्हा सोमवारची सकाळ झाली होती. बहुतेक पब्लिक गाड्या काढून घरी निघालं होतं. मागे उरला होता तो चिखल आणि कचरा. पण पिक्चरमध्ये तीन दिवसांचा कळस तोच. कुणी केला? एडिटिंगच्या टेबलावर बसलेल्यांनी. त्यात पुढे मोठा दिग्दर्शक झालेला स्कॉर्सेसी होता, तेव्हा त्याला कुत्रं विचारत नव्हतं. आणि पहिल्या दिवशी रात्री भर पावसात रविशंकर सतार वाजवून गेले, तबल्याच्या साथीला अल्लारखाँ. ते पिक्चरमध्ये दिसतात कुठे?"

"नाही दिसत," मी म्हणालो.

"कापले!"

पक्याने कटिंगचा ग्लास कट्ट्यावर आपटला. "तुला सगळ्यात खोटंच दिसतं."

"खोटं नाही रे, काम दिसतं. तुझा लाडका 'लास्ट वॉल्ट्झ' घे. कॉन्सर्ट 1976 ची, पिक्चर 1978 चा. मधली दीड-दोन वर्षं काय गोट्या खेळत होते? वादन-गायनातल्या चुका स्टुडिओत बसून पुन्हा भरल्या. एका बड्या गायकाच्या नाकपुडीला पांढरी पावडर लागलेली दिसत होती, ती एकेक फ्रेम घेऊन पुसली. तुझा पोरगा लॅपटॉपवर करतो तेच. फक्त त्यांना जास्त वेळ लागला आणि जास्त पैसे."

पक्या गप्प झाला. तो गप्प झाला की मला बोलावं लागतं, हा आमचा कॉलेजपासूनचा करार आहे. मी म्हटलं, मग 'गिमी शेल्टर' या पिक्चरचं काय? वुडस्टॉकनंतर चारच महिन्यांनी, 6 डिसेंबर 1969, कॅलिफोर्नियातलं ऑल्टमाँट. रोलिंग स्टोन्स या बँडचा फुकट कार्यक्रम, स्टेजभोवती हेल्स एंजल्स टोळीचे मोटारसायकलवाले, आणि स्टेजसमोरच मेरेडिथ हंटर नावाच्या अठरा वर्षांच्या पोराचा भोसकून खून. कॅमेऱ्यात आलेला. तिथे पिक्चर काढणाऱ्या मेझल्स बंधूंनी काय सजवलं? उलट एडिटिंगचं टेबलच पिक्चरमध्ये आणलं. बँडचा गायक मिक जॅगर छोट्या पडद्यावर ते फुटेज बघतोय, मागे घ्या म्हणतोय, पुन्हा बघतोय. त्याआधी चार्ली वॉट्स रेडिओवरचं रेकॉर्डिंग ऐकतो, तेव्हाचा त्याचा चेहरा बघ. त्या माणसाने जन्मभर ड्रम वाजवले, पण मला तो आठवतो काहीच न वाजवता बसलेला.

"हे बाकी मान्य," शिरीष म्हणाला. त्याच्याकडून एवढं मिळणं म्हणजे पुष्कळ.

खरं सांगू का, मला या सगळ्या पिक्चरमधल्या वाजवणाऱ्यांपेक्षा ऐकणारे जास्त लक्षात राहिलेत. गिटारचे सोलो आता कुठेही मिळतात. पण 1967 च्या जूनमधल्या कॅलिफोर्नियातल्या जत्रेवरच्या त्या 'मॉन्टरे पॉप' पिक्चरमध्ये जॅनिस जॉपलिन गाते आणि खाली प्रेक्षकांत मामा कॅस बसलेली असते, ती स्वतः मोठी गायिका. गाणं संपतं आणि तिचं तोंड नुसतं उघडतं, 'वॉव'. आवाज ऐकू येत नाही, ओठ दिसतात. आपल्याकडे बैठकीत समोर बसलेल्या बुजुर्गाची मान एकदा हलली की गाणाऱ्याचं पुढचं वर्ष सुखाचं जातं, तसलं ते.

"तो क्लोजअप त्याच क्षणाचा आहे कशावरून?" शिरीष. "आणि जॅनिस तिथे दोनदा गायली, माहितीये? शनिवारी तिच्या मॅनेजरने शूटिंग करू दिलं नाही. तिचं गाणं एवढं गाजलं की रविवारी कॅमेऱ्यासाठी पुन्हा उभी केली. तुझ्या खऱ्या पिक्चरमधला रिटेक आहे तो."

"दुसऱ्यांदा गायली म्हणून खोटं गायली का? माझी आई रोज तीच आरती म्हणायची!" पक्या परत फॉर्मात.

हा मुद्दा चांगला होता. शिरीषने चहावाल्याला हाक मारून वेळ काढली.

त्याच 'मॉन्टरे पॉप'चा शेवट रविशंकरांवर आहे. बाकी सगळे तिथे फुकट वाजवायला आलेले, पैसे घेतले ते फक्त पंडितजींनी, तीन हजार डॉलर. अख्खी दुपार त्यांना दिली होती. दिग्दर्शक पेनबेकरने काय केलंय, सतार ऐकू येते पण सतारिया बराच वेळ दिसतच नाही. कॅमेरा नुसता माणसांतून फिरतो. झोपलेली, फुलं माळलेली, डोळे मिटलेली. मध्येच हेंड्रिक्स बसलेला दिसतो. मग कधीतरी सतारीवरची बोटं, अल्लारखाँसाहेबांचं हसू, लय चढत जाते आणि सगळा जमाव उभा.

"त्यांना काय घंटा कळत होतं?" पक्या म्हणाला. "हे तेच लोक ना, ज्यांनी ट्यूनिंगला टाळ्या वाजवल्या?"

आता हा किस्सा आमच्या कट्ट्यावर शंभर वेळा झालाय. तारीख 1 ऑगस्ट 1971, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. रविशंकरांच्या शब्दावरून बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनने बांगलादेशच्या निर्वासितांसाठी लावलेला कार्यक्रम. दुपारी एक खेळ, रात्री एक खेळ, मिळून चाळीस हजार माणूस. हॅरिसन, रिंगो, डिलन, क्लॅप्टन असे सगळे. तिकिटांचे दोन लाख त्रेचाळीस हजार डॉलर युनिसेफला गेले. रेकॉर्ड आणि पिक्चरचा पैसा मात्र वर्षानुवर्षं अमेरिकन इन्कम टॅक्समध्ये अडकला, कारण करमाफीचा अर्ज आधी करायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. चाळीतल्या गणपती मंडळाचा खजिनदारसुद्धा हे आधी बघतो. तर सुरुवात रविशंकर, सरोदवर अली अकबर, अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती यांची. वाद्यं लावली, मिनिट-दीड मिनिट टुणटुण झाली, थांबले, आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. पंडितजी म्हणाले, धन्यवाद, नुसतं लावणं एवढं आवडलं असेल तर वाजवणं याहून आवडेल अशी आशा करतो.

पक्या यावर नेहमी हसतो, तसा हसला. आणि नेमका त्याच वेळी नंद्या दोन्ही खांद्यांना पिशव्या लटकवून येऊन उभा राहिला.

"कोण हसतंय ट्यूनिंगला?"

नंद्या बँकेतून रिटायर झाला, पण तबल्यातून व्हायचं नाव नाही. त्याला पेपरचं पान उरलं नव्हतं. उभ्यानेच बोलायला लागला.

"तुला कल्पना आहे का तिथे काय चाललं होतं? वर दिवे तापलेले, हॉल एवढा थोरला. सतारीच्या वरच्या तारा, खाली आपोआप झंकारणाऱ्या तरफा, सरोदच्या आणखी वेगळ्या. त्या सगळ्या एका सा-ला आणायच्या आणि त्यात माझा तबला. वादीखाली आठ लाकडी गट्टे, पुडीच्या म्हणजे वरच्या कातड्याच्या कडेने सोळा घरं. एक घर चढवलंस की समोरचं बिघडतं. हातोडी गजऱ्यावर, म्हणजे त्या कडेच्या वेणीवर, वरून मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो, आणि प्रत्येक ठोक्यानंतर चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, बोट मारून ऐकायचं. मग एक क्षण येतो की सगळं एकमेकांत विरघळतं. तंबोरा कुठे संपला आणि तबला कुठे सुरू झाला कळत नाही. ज्याने जन्मात हे ऐकलेलं नाही त्याला तो क्षण कळला आणि त्याने टाळी दिली, यात हसण्यासारखं काय आहे? आमच्याकडे लावालावी सुरू झाली की लोक वडापाव आणायला उठतात!"

"लावालावी तर तू आत्ता करतोयस," शिरीष म्हणाला. कुणी हसलं नाही.

"आणि अल्लारखाँ राहायचे कुठे? माहीमला," नंद्या थांबेना. " इथून चालत निघालास तर अर्धा तास. तू त्या रेकॉर्डवरचं काय ऐकलंस, ते सांग ना."

इथे गाडी अडली. कारण खरी गोष्ट मला आणि पक्याला माहीत होती.

1986 चं साल असेल, आम्ही रुपारेल कॉलेजला. ते रेकॉर्ड म्हणजे तीन तबकड्यांचा खोका, आमच्या बापजन्मी परवडणारा नव्हता. पक्याच्या भावाच्या मित्राकडे होता. त्यावरून टीडीकेच्या नव्वदच्या कॅसेटवर भरून घ्यायचं ठरलं. पण तीन तबकड्या मिळून जवळजवळ शंभर मिनिटं होतात. काहीतरी गाळायला हवं. काय गाळायचं याची चर्चा पाच सेकंदसुद्धा चालली नसेल. पहिली बाजू. सतारीची. "ती काय, रेडिओवर सकाळी लागतेच," हे वाक्य कोण बोललं यावर एकमत नाही. पक्या म्हणतो मी, मी म्हणतो पक्या. कॅसेट थेट हॅरिसनच्या गाण्यापासून सुरू व्हायची. पुढची कित्येक वर्षं आम्ही ती इतकी वाजवली की डिलनच्या एका गाण्याच्या मध्यावर फीत चुरगळून त्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायचा. मला अजूनही ते गाणं नीट ऐकू आलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. इंग्रजी शब्द तर निम्मे आम्हीच बनवलेले.

म्हणजे ट्यूनिंगला टाळ्या वाजवणाऱ्या अमेरिकनांना आम्ही जन्मभर हसलो ते ऐकीव माहितीवर. त्यांनी निदान तिकीट काढून, शांत बसून ते ऐकलं होतं. आम्ही कापलं होतं. वुडस्टॉकवाल्यांच्या कितीतरी वर्षांनंतर, शिवाजी पार्कात, कुठलंही स्टीनबेक नसताना.

मी हे सांगून टाकलं. शिरीष इतका खूश झाला की चहाचे पैसे त्याने दिले.

तेवढ्यात त्याची मुलगी सई घराची किल्ली मागायला आली होती, ती ऐकत उभी होती. तिने सरळ विचारलं, "मग काका, तुम्ही ती पहिली बाजू ऐकली कधी?"

मी म्हटलं, पिक्चरची डीव्हीडी आली, 2005 मध्ये, तेव्हा.

"आणि पक्याकाका?"

पक्या रस्त्यावरच्या बसकडे बघत होता. "राहूनच गेलं," म्हणाला.

सईने फोन काढला, चार वेळा बोट फिरवलं आणि कट्ट्यावर पेपरच्या पानावर ठेवला. एवढासा स्पीकर, समोर गाड्यांचे हॉर्न, मैदानात कुणाची तरी क्रिकेटवरून भांडणं. आम्ही पाच जण वाकलो. रविशंकरांचा आवाज, सिगरेट ओढू नका अशी विनंती. मग टुणटुण. पक्याने डोळे बारीक केले. हातोडीचे बारके ठोके ऐकू येत होते, नंद्या प्रत्येक ठोक्याला बोटाने हवेत घर दाखवत होता. हे चढवतायत. हे समोरचं. आता परत तेच. टाळ्या पडल्या तेव्हा आमच्यापैकी कुणीच हसलं नाही, पण ते बहुधा तो आवाज फोनमधून तडतडत आल्यामुळे असेल.

बांगला धून सुरू झाल्यावर सई किल्ली घेऊन गेली आणि अर्थात फोनही. पहिल्या चार-पाच मिनिटांतच तुटलं ते.

"घरी लावतो," पक्या म्हणाला.

"पोराच्या स्पीकरवर लाव," शिरीष म्हणाला. "चांगलाय तो."

नंद्याने पिशवीची चेन उघडून आत हात घातला होता. पावसात पार्ल्याहून येईपर्यंत पुडी उतरली म्हणत होता. तबला अर्धा बाहेर काढून मांडीवर घेतला, कान लावला, चाटेवर टिचकी मारली, तोंड वाकडं केलं. हातोडी काढली. टुक, टुक, टिचकी. टुक. शेजारच्या कट्ट्यावरची कॉलेजची चार पोरं फोन खाली करून बघायला लागली. दोन मिनिटं तसंच चाललं.

"काका, वाजवा ना काहीतरी," त्यातला एक म्हणाला.

"थांब रे," नंद्या म्हणाला, "अजून दोन घरं राहिलीत."