हात आत जातोच कशाला?

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर परवा पुन्हा कारखान्यातल्या सुरक्षेचा तोच वाद पेटला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. आता विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला २० कामगार लागतात, १९४८ च्या कायद्यात १० होते; म्हणजे त्याहून छोट्या जागा कारखान्याच्या नियमांतून सुटल्या. चाकणला प्रेसशॉप, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या यंत्रांचा कारखाना, चालवणाऱ्या मित्राने लिहिलं, "बरं झालं, कटकट कमी. अरे, हेल्मेट दिलं तर काढून ठेवतात. आपला कामगारच निष्काळजी, कायदा काय करणार?"

हे वाक्य मला सहन होत नाही. जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या पत्रा कारखान्यात मी अकरा वर्षं आहे. गेल्या महिन्यात आमच्याकडे नवी प्रेस आली. ती सुरू करण्याआधी मायस्टर (फोरमन), इलेक्ट्रिशियन, बेट्रीब्सराटची (कामगारांनी निवडलेल्या समितीची) बाई आणि मी असे चौघे दोन दुपारी तिच्याभोवती उभे होतो. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलताना कुणी वीज चालू केली तर? तेल सांडलं तर? जॉब, म्हणजे दाबून निघालेला भाग, अडकला तर हात कुठून घालणार? सगळ्यात जास्त वेळ या शेवटच्या प्रश्नात गेला, आणि "हात घालू नका" अशी पाटी लावून आम्ही सुटलो नाही. जॉब आपोआप खाली घसरेल अशी डायच बदलून घेतली. मग प्रकाशाचा पडदा बसवला, म्हणजे हात मध्ये आला की प्रेस थांबते. मग कामाची पद्धत लिहिली. हातमोजे सगळ्यात शेवटी. मित्राचा वाद हेल्मेटपासून सुरू होतो, म्हणजे शेवटच्या पायरीपासून.

इथे एकच नोकर असलेल्या बेकरीवाल्यालाही धोक्यांची अशी पाहणी करावी लागते, १९९६ चा कायदाच आहे तसा. अपघात विम्याचा कायदा १८८४ चा आहे. हप्ता पूर्ण मालकाचा, आणि अपघात वाढले की तो वाढू शकतो. मग मालक स्वतःच यंत्राकडे बघायला येतो.

"तिकडे पैसा आहे, तुला बोलायला काय जातंय," मित्र म्हणाला. थोडं खरं आहे. दरवर्षी भाव पाडून मागणाऱ्या मोठ्या कंपनीला माल देणाऱ्याला प्रकाशाचा पडदा परवडत नाही. पण दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं, म्हणजे हात आत राहूच शकत नाही, ती काही सोन्याची नसतात. वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांची नोंद ठेवणाऱ्या 'सेफ इन इंडिया' या संस्थेचे अहवाल वर्षानुवर्षं तेच सांगतात: बोटं जातात ती पॉवर प्रेसवर, आणि प्रेस चालवायला लावलेला माणूस कितीदा तरी कागदावर हेल्पर असतो.

मला हे अहवालातून कळलेलं नाही.

२००९ साली मी भोसरीत शिफ्ट इंजिनिअर होतो. महिनाअखेर होती, माल निघत नव्हता. दोन बटणांमुळे स्ट्रोकला वेळ लागत होता. एक बटण शॉर्ट कर, म्हणजे प्रेस एका हाताने चालेल, असं इलेक्ट्रिशियनला मीच सांगितलं. "आजच्या रात्रीपुरतं." ते तीन आठवडे तसंच राहिलं. काढ म्हणून मी सांगितलं नाही, आणि मला कुणी विचारलं नाही. मग लातूरकडच्या एका कंत्राटी हेल्परची उजव्या हाताची दोन बोटं गेली. प्रेसवर त्याचा दुसरा आठवडा होता. अपघाताच्या फॉर्मवर कारण लिहिलं गेलं, "कामगाराचा निष्काळजीपणा". अक्षर माझं आहे. पुढे पगाराला आला तेव्हा त्याने पेन डाव्या हातात धरलं. सही पुरी व्हायला फार वेळ लागला आणि मी तेवढा वेळ रजिस्टरकडे बघत राहिलो.

आई शेजारणींना सांगते, आमचा तिकडे शिस्तीत वाढलाय. इथे मी सुरक्षा प्रतिनिधी आहे, पिवळं जाकीट घालून फिरतो. पण माणूस तोच आहे. इथे ते बटण मी शॉर्ट करायला सांगितलं असतं तर इलेक्ट्रिशियननेच "नाही" म्हटलं असतं, आणि त्याची नोकरी गेली नसती. भोसरीत राहिलो असतो तर आज ग्रुपवर मित्राचीच बाजू घेतली असती, ही खात्री मला झोपू देत नाही.

हे सगळं ग्रुपवर तीनदा लिहिलं आणि पुसलं. शेवटी मित्राला फोन करून एवढंच विचारलं, तुझ्याकडे हात कुठल्या प्रेसमध्ये जातो? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तीन नंबरच्या. डिसेंबरात येतोयस ना? ये. पण भाषण द्यायला नको, डाय खोलायला ये."