गोष्ट लिहिताना हाती काय लागतं

"लिहून तुला नेमकं मिळतं काय?" हा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो. छापून आल्याचा आनंद होतोच, पण तो आठवडाभर पुरतो. मला जे हवं असतं ते त्याच्या कितीतरी आधी, कच्च्या खर्ड्यातच मिळून गेलेलं असतं.

मी दोन भावांची कथा लिहीत होते. वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटा त्यांचं सगळं करतोय आणि थोरला वर्षानुवर्षं फिरकलेला नाही. थोरल्यावर माझा राग होता. तो घरी येतो त्या प्रसंगात, आल्या आल्या पैशांचा विषय काढणार असं मी पक्कं ठरवलं होतं. लिहायला बसले, तर तो सरळ स्वयंपाकघरात गेला. तिथला नळ गळत होता. त्याने पान्हा शोधला, नळ खोलला, आतला झिजलेला वायसर काढला आणि तो बोटांत फिरवत उभा राहिला. शेजारच्या खोलीत वडील खोकत होते. पानभर मी नुसती नळाची दुरुस्ती लिहिली. का लिहितेय, ते मलाच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा लख्ख दिसलं. हा माणूस घाबरलाय! त्या खोलीत जायची त्याची छाती होत नाहीये. आधीची चौदा पानं मी काढून टाकली. मग धाकटाही बदलला. त्याच्या सेवेत थोडा ताठा आहे, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पात्रं आपलं ऐकत नाहीत असं लेखक म्हणतात, तेव्हा लोकांना ते गूढ वाटतं. मला त्यात गूढ काही वाटत नाही. 'स्वार्थी' एवढ्या एका शब्दावर माणूस दारातून आत येऊ शकत नाही. त्याला हात असतात, ते कुठे ठेवायचे हे ठरवावं लागतं. तो आधी कुणाकडे बघतो, हेही ठरवावं लागतं. इतक्या जवळ गेलं की आपलं आधीचं मत टिकत नाही. ज्याचा राग होता त्याच्या जागी मी तासभर उभी राहते, आणि हे मला एरवी, खऱ्या आयुष्यात, फारसं जमत नाही.

फ्रेंच लेखक फ्लोबेर 'मादाम बोव्हारी' ही कादंबरी १८५१ पासून १८५६ पर्यंत लिहीत होता. तिची नायिका एम्मा विष घेते तो प्रसंग लिहिताना आपल्या तोंडाला आर्सेनिकची चव आली होती, असं त्याने पुढे एका पत्रात लिहिलंय. मला ते अजिबात अतिशयोक्त वाटत नाही.

दुसरं सुख लहान आहे, पण रोजचं आहे. अडलेलं वाक्य सुटण्याचं. अमेरिकन लेखक हेमिंग्वेने आपल्या 'अ फेअरवेल टू आर्म्स' या कादंबरीचा शेवट ३९ वेळा लिहिल्याचं सांगितलं होतं. अडत काय होतं, असं विचारल्यावर त्याचं उत्तर होतं, शब्द नीट बसवणं. एक विशेषण खोडलं आणि वाक्य एकदम ताठ उभं राहिलं, की मी खुर्चीवरून उठून खोलीत फेऱ्या मारते.

कथा छापून आल्यावर एका वाचक ताईंनी विचारलं, "शेवटी तो वडिलांशी काय बोलला हो?" कथा त्याच्या आधीच संपते. नळ बंद होतो, तो हात पुसतो आणि दार लोटून आत जातो. मी त्यांना खरं तेच सांगितलं. मी बाहेरच थांबले होते.