देवाला चालतं म्हणून कुत्र्याला चालतं? त्या फॉरवर्डबद्दल जरा बोलूच

परत तो मेसेज फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, माहेरच्या ग्रुपवर आला, काल मावशीने पण पाठवला. त्यात म्हटलंय की देवाला वाहतात ती फुलं विषारी नसतात, विष कुत्र्याला वासावरून कळतं, सदाफुली तर औषधीच आहे, लिली तेवढी नको कारण कुत्र्याची किडनी जाते, आणि काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढा.

पहिलंच घ्या. शंकराला आपण काय वाहतो? धोत्रा. मारुतीला? रुई. कोकणात गौरीला कळलावी लागते, तिला तिकडे गौरीचे हातच म्हणतात. तिन्ही विषारी, आणि कळलावीचा कंद कुत्र्याने उकरून खाल्ला तर जिवावर बेततं. देवाला चालतं कारण देव चावून बघत नाही हो!

वासावरून कळतं म्हणे. हायवेच्या डिव्हायडरवर कण्हेर लावतात, गुरं तिला तोंड लावत नाहीत हे खरंय, पण कुत्र्याचं पिल्लू म्हणजे गाय नाही. आमची चिंगी पाच महिन्यांची होती, दात येत होते, चप्पल, पायपुसणं, जे दिसेल ते तोंडात. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, छाटलेल्या फांद्या कुंपणाशी पडल्या होत्या, त्यातली एक काठी घेऊन शेपूट हलवत आली, आणि मी शहाणीने ती दोनदा फेकली पण! मग हाताला पांढरा चीक लागला तेव्हा डोक्यात उजेड पडला. तासाभरात लाळ, मग दोन उलट्या. डॉक्टरांनी कोळशाचं औषध दिलं, ईसीजी काढला आणि रात्रभर ठेवून घेतलं, कारण हे विष हृदयावर जातं, ठोके मंद होतात नाहीतर वेडेवाकडे पडतात. लाल-गुलाबी कण्हेरीचं पण तेच, पान वाळलं तरी विष जात नाही, त्यामुळे छाटणी झाली की कचरा लगेच उचला.

सदाफुलीची तर गंमतच आहे. भटक्या कुत्र्यांना एक गाठींचा कॅन्सर होतो, त्यावर व्हेट जे विन्क्रिस्टिनचं इंजेक्शन देतात ते सदाफुलीतूनच मिळतं. म्हणजे औषधी आहेच, पण केमो आहे ती, कुत्र्याचं वजन घेऊन, रक्त तपासून, मोजून देतात. कुंडीतली पानं चघळणं म्हणजे डोस नव्हे.

लिलीने किडनी जाते ती मांजराची. कुत्र्याचं बहुतेक वेळा पोट बिघडण्यावर निभावतं. मांजर असेल तर मात्र लिली घरात आणूच नका, फुलदाणीतलं पाणी सुद्धा नको.

आणि मीठ! हे वाचून तर मी उठूनच बसले. मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम वाढतं, झटके येतात, म्हणजे एका विषावर दुसरं. दूध पण उतारा नाही. ओकारी काढायची का नाही हे डॉक्टरला ठरवू द्या, तुम्ही कुत्र्याने खाल्लेल्या झाडाची फांदी पिशवीत घाला, किती वाजता खाल्लं ते लक्षात ठेवा आणि निघा.

गुलाब, मोगरा, जास्वंद यांना घाबरू नका, चिंगी रोज एक जास्वंद खाते आणि देवाला उरलेली मिळते. बिट्टी अजून आहे, सासूबाई काढू देत नाहीत, मग खालच्या फांद्या उडवून भोवती जाळी मारलीये.