डिझेल महागलं, तर फरक कोणी भरायचा?

जानेवारी 2025 मध्ये एसटीचं भाडं एकदम 14.95 टक्क्यांनी वाढलं, तेव्हा आमच्या गावाकडच्या ग्रुपवर दोन तट पडले. बायकांना अर्धं तिकीट दिलं म्हणून एसटी बुडाली, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याचं म्हणणं, गरिबाच्या गाडीला भाडेवाढ नकोच. मला इथे सिंगापूरमध्ये बसून दोन्ही पटत नाहीत.

त्याआधीची भाडेवाढ ऑक्टोबर 2021 ची. मार्च 2022 मध्ये एसटीसारख्या घाऊक ग्राहकांचं डिझेल लिटरमागे तब्बल 25 रुपयांनी महागलं आणि एसटीला बाहेरच्या पंपांवर गाड्या न्याव्या लागल्या. पुढे डिझेल वरखाली झालं, बाकीचा खर्च वाढत गेला, तिकीट मात्र होतं तिथेच. सव्वातीन वर्षं तुंबलेली वाढ एका दिवसात अंगावर आली, तर प्रवासी चिडणारच.

सिंगापूरमध्ये पब्लिक ट्रान्सपोर्ट कौन्सिल दरवर्षी भाडं तपासते. महागाई, पगार आणि इंधन-वीज यांचं सूत्र ठरलेलं आहे. युक्रेन युद्धानंतर इंधन भडकलं, तेव्हा 2023 च्या आढाव्यात या सूत्राने 22.6 टक्के वाढ निघाली. प्रत्यक्षात 7 टक्केच दिली, उरलेली 15.6 टक्के पुढच्या वर्षांवर ढकलली आणि सरकारने 30 कोटी सिंगापूर डॉलर जादा घातले. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना प्रवासाची व्हाउचर मिळाली. लोक तेव्हाही कुरकुरले, पण कोण किती भरतंय हे प्रत्येकाला माहीत होतं. बस चालवणाऱ्या कंपन्यांच्या कंत्राटातही इंधनाची चढउतार धरलेली असते.

अर्थात हे एक श्रीमंत शहर आहे. इथे गडचिरोलीतलं दुर्गम भामरागड नाही. कोकणातल्या वाडीवर रात्री पोचणारी मुक्कामाची गाडी नाही. तशी गाडी जवळपास रिकामी गेली तरी गेलीच पाहिजे, कारण सकाळी तीच पोरांना हायस्कुलात आणि म्हाताऱ्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेते. तिचं डिझेल कुठल्याच सूत्राने तिकिटातून निघणार नाही. तो खर्च सरकारचाच, आणि तो अर्थसंकल्पात वेगळा, ठळक दिसायला हवा.

अर्ध्या तिकिटाचंही तेच. मार्च 2023 पासूनची ही सवलत मला मनापासून योग्य वाटते; माझी आई आता चिपळूणला बहिणीकडे जाताना भाड्याचा विचार करत नाही. पण सवलतीची भरपाई सरकारने एसटीला द्यायची असते, आणि ती थकली की डिझेलची बिलं आणि पगार अडतात. दोष सवलतीचा नाही, उशिराचा आहे.

त्यात एसटीच्या तिकिटावर 17.5 टक्के प्रवासी कर. एका हाताने सरकार हा कर घेतं, दुसऱ्या हाताने भरपाई देतं, आणि मधल्या काळात आगाराने डिझेल उधारीवर भरायचं. हा कर आधी काढा. मग दरवर्षी ठरल्या तारखेला, हिशेब छापून, दोन-तीन टक्के वाढवा. माझी आई तेवढं देईल, कुरकुर न करता.