आधी पायरी, मग हापूस

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या पोटात वर्षातून दोनदा गोळा येतो. एकदा एप्रिलमध्ये टॅक्स भरताना आणि एकदा ऑक्टोबरअखेर, एचआरचं पत्र आल्यावर. 'तुमच्या औषध-लाभ योजनेत उत्साहवर्धक सुधारणा!' असं त्याचं शीर्षक असतं, म्हणजे नोकरीबरोबर मिळणाऱ्या विम्यातल्या औषधांच्या भागात जानेवारीपासून काहीतरी बदलणार. माझा एक ठोकताळा आहे. कंपनी खरंच काही देणार असेल, तर पत्र दोन ओळींचं असतं आणि त्यात एकही विशेषण नसतं. उद्गारचिन्ह दिसलं की मी आधी खिसा चाचपतो.

कंपनी औषधांचा कारभार स्वतः पाहत नाही. त्यासाठी तिनं एक कारभारी नेमलेला असतो (आणि कधीकधी ती तो बदलतेही), त्याला इथे पीबीएम, म्हणजे फार्मसी बेनिफिट मॅनेजर म्हणतात. सीव्हीएस केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या तिघांच्या हातात देशातली सुमारे ऐंशी टक्के प्रिस्क्रिप्शनं आहेत. पेशवाईला साडेतीन शहाणे लागले, इथे तिघांत भागतं.

कारभाऱ्याकडे औषधांची एक यादी असते, ती म्हणजे फॉर्म्युलरी. तिच्यात साधारण चार पायऱ्या. पहिलीवर जेनेरिक, दुसरीवर 'प्रेफर्ड' ब्रँड, तिसरीवर 'नॉन-प्रेफर्ड' ब्रँड आणि चौथीवर स्पेशालिटी, म्हणजे ज्यांची किंमत ऐकून बसायला खुर्ची मागावी लागते ती औषधं. प्रेफर्ड म्हणजे काय, हे इंग्रजीत समजावताना लोक पानंच्या पानं खर्च करतात. आपल्याकडे ते एका गोष्टीत संपतं: आवडती राणी आणि नावडती राणी.

आवडती का आवडती? गुणानं सरस म्हणून असेलच असं नाही. तिच्या माहेराहून आहेर जास्त येतो. औषध कंपनी कारभाऱ्याला मागाहून जी रक्कम परत करते, तिला रिबेट म्हणतात. एखाद्या वर्षी दुसरीकडून जास्त आहेर आला, की महाल बदलतो. १ एप्रिल २०२४ला केअरमार्कनं आपल्या मोठ्या व्यावसायिक याद्यांतून हुमिरा हे संधिवातावरचं इंजेक्शन उतरवलं आणि त्याच्या जागी बायोसिमिलर, म्हणजे त्याच्याशी जवळपास तंतोतंत जुळणारी औषधं आणली. १ जुलै २०२५ला वजन घटवण्याच्या औषधांत त्यांच्या प्रमाणित यादीतून झेपबाउंड बाहेर गेलं आणि वेगोव्ही आवडती ठरली. रुग्णाचं शरीर तेच, डॉक्टर तोच, आजारही तोच. पण ३० जूनला चालणारं औषध १ जुलैला अळणी.

खरी मेख आहेरात नसून टक्क्यांत आहे. जुन्या योजनेत कोपे, म्हणजे दर खेपेला भरायची ठरलेली रक्कम असायची: आवडत्या ब्रँडला ४० डॉलर, विषय संपला. नव्या पत्रात 'अधिक पारदर्शक' असा शब्द येतो आणि ४० डॉलरच्या जागी ३० टक्के कोइन्शुरन्स, म्हणजे किमतीतला तुमचा टक्केवारी हिस्सा, येऊन बसतो. समजा औषधाची ठरलेली किंमत ५०० डॉलर आहे आणि त्यातले २०० मागाहून रिबेट म्हणून परत जातात. म्हणजे खरा खर्च ३००. पण तुमचे ३० टक्के सहसा पाचशेवर मोजले जातात: ९० नाही, १५०. आहेर घरातल्यांना आणि मांडवखर्च वऱ्हाड्यांकडून! म्हणून टक्के दिसले की एकच प्रश्न विचारावा: कशाचे टक्के, आणि जास्तीत जास्त किती? बऱ्याच योजनांत 'किमान ५० डॉलर, कमाल १५०' अशी मर्यादा असते, पण ती तळटीपेत दडलेली असते.

योजना हाय-डिडक्टिबल असेल, म्हणजे विम्यानं हात लावण्याआधी स्वतः भरायची रक्कम (डिडक्टिबल) घसघशीत असेल, तर गंमत याहून मोठी. २०२६साठी आयआरएस या अमेरिकी आयकर खात्याच्या नियमानं अशा योजनेत एकट्याला किमान १,७०० आणि कुटुंबाला ३,४०० डॉलर स्वतःच्या खिशातून गेल्याखेरीज योजना साधारणपणे हलत नाही. जानेवारीत मीटर पुन्हा शून्यावर. एक पळवाट मात्र कायद्यानंच ठेवली आहे: २०१९च्या आयआरएस सूचनेनुसार मधुमेहासाठी इन्सुलिन, हृदयरोगासाठी स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) अशी काही दीर्घ आजारांची औषधं डिडक्टिबल भरण्याआधीही योजनेत बसवता येतात. 'बसवता येतात' म्हणजे बसवलीच पाहिजेत असं नव्हे. आपल्या कंपनीनं बसवली आहेत का, हे 'प्रिव्हेंटिव्ह ड्रग लिस्ट' नावाच्या वेगळ्या पीडीएफमध्ये असतं. एचआरच्या वेबिनारमध्ये तिचा उल्लेख बहुधा सत्तावन्नाव्या मिनिटाला होतो, तोवर सगळे कॅमेरे बंद करून भाजी परतायला गेलेले असतात.

आता पायरीकडे वळू. स्टेप थेरपी या शब्दाला मी 'पायरी उपचार' म्हणतो आणि तो अगदी आंब्यासारखाच चालतो. डॉक्टरांनी लिहून दिला हापूस. योजना म्हणते, आधी पायरी खा. पायरी बाधली, तर डॉक्टरांनी तसं लेखी कळवावं, मग हापूसचं बघू. आता कारभारी बदलल्यावर काय होतं? तुम्ही तीन वर्षांपूर्वी पायरी खाऊन, अंगावर पित्त उठवून, रीतसर हापूसपर्यंत पोचलेले असता. ते सगळं जुन्या कारभाऱ्याच्या दप्तरात. नव्याच्या लेखी तुम्ही जन्मात आंबा पाहिलेला नाही. म्हणून जुन्या पोर्टलवरून दोन-तीन वर्षांची 'क्लेम हिस्टरी', म्हणजे कोणतं औषध कधी घेतलं याची नोंद, डिसेंबरातच उतरवून घ्यावी, कारण पुढे त्या पोर्टलचा दरवाजा उघडेलच असं नाही. तो कागद डॉक्टरांच्या कचेरीत दिला, की पुन्हा पायरी खायची वेळ बहुतेकदा टळते.

जानेवारीचा पहिला सोमवार फार्मसीत घालवणं ही वेगळीच साधना आहे. काउंटरवरची मुलगी पडद्याकडे बघून नुसतं 'इन्शुरन्स घेत नाहीये' म्हणते. 'घेत नाहीये' हे निदान नव्हे. पडद्यावर एक आकडा असतो, तो नम्रपणे विचारून घ्यावा. ६५ म्हणजे तुम्ही त्यांच्या खातेवहीत नाहीच. दावा बहुधा जुन्या कार्डावर गेलेला असतो. नव्या कार्डावरचे तीन ओळख-क्रमांक, म्हणजे सहा आकडी 'बिन' (BIN), पीसीएन आणि ग्रुप नंबर, पुन्हा टाकायला सांगायचं. ७० म्हणजे औषध यादीतच नाही, तिथे भांडून उपयोग नाही. डॉक्टरांना पर्याय विचारायचा किंवा अपवादासाठी अर्ज करायचा. ७६ म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त गोळ्या. आणि ७५? पंचाहत्तरी म्हटल्यावर आपल्याला अमृतमहोत्सव आठवतो. इथे तिचा अर्थ प्रायर ऑथरायझेशन, पूर्वपरवानगी.

ही परवानगी फार्मसी देत नाही, नुसतं तुम्ही मागूनही भागत नाही. अर्ज बहुधा डॉक्टरांच्या कचेरीनं करायचा असतो. फार्मसी म्हणते 'आम्ही फॅक्स केला', कचेरी म्हणते 'फॅक्स आलाच नाही', आणि दोघंही खरं बोलत असतात, कारण फॅक्स तुमच्या आधीच्या डॉक्टरकडे गेलेला असतो. औषध थांबवणं धोक्याचं असेल, तर अर्जावर 'अर्जंट' लिहायला कचेरीला सांगावं. कंपनीच्या योजनांना अशा अर्जाचा निकाल ७२ तासांत द्यावा लागतो, एरवी १५ दिवस लागू शकतात. नकार आला, तर अपिलासाठी १८० दिवस मिळतात. नकाराचं पत्र फाडू नये, अपिलाला कारण त्यातलंच लागतं.

सगळ्यात लबाड आकडा म्हणजे ७९, 'फार लवकर आलात'. पुष्कळ योजनांत आधीच्या पुरवठ्याचा पाऊण भाग संपल्याशिवाय पुढचा मिळत नाही. नव्वद दिवसांच्या बाटलीसाठी अडुसष्ट दिवस. आता हिशेब करा. १ ऑक्टोबरला बाटली घेतली, तर ८ डिसेंबरला पुढची मिळते, जुन्या योजनेत आणि भरून झालेल्या डिडक्टिबलवर. तीच २५ ऑक्टोबरला घेतली, तर अडुसष्टावा दिवस उजाडतो नेमका १ जानेवारीला! पंचांग बघून साखरपुडा ठरवणाऱ्या समाजानं गोळ्यांचा मुहूर्त मात्र काढू नये, याचं मला नवल वाटतं.

एक सोपी गोष्ट लोक विचारायची विसरतात: विमा बाजूला ठेवला, तर रोख किती? जुन्या जेनेरिक गोळ्यांची रोख किंमत कधीकधी कोपेपेक्षाही कमी निघते. पूर्वी काही करारांमुळे फार्मासिस्टला हे सांगायची बंदी असायची. ऑक्टोबर २०१८च्या दोन कायद्यांनी ती उठवली. तरी तो आपणहून सांगेल असं नाही, विचारावं लागतं. मात्र रोखीचे पैसे डिडक्टिबलमध्ये आपोआप धरले जात नाहीत. त्यामुळे चार डॉलरच्या गोळीला रोख बरी, चारशेच्या गोळीला आधी कागद-पेन्सिल घेऊन बसावं.

राहता राहिली भारताची फेरी. सहा आठवडे जायचं आणि गोळ्या उरल्यात वीस दिवसांच्या, म्हणजे पुन्हा ७९. यावर 'व्हेकेशन ओव्हरराइड' नावाचा उतारा आहे. कार्डाच्या मागच्या नंबरावर निदान दोन आठवडे आधी फोन करून जाण्यायेण्याच्या तारखा सांगायच्या. बहुतेक योजना वर्षाला एखाददुसराच देतात, आणि झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या नियंत्रित औषधांना बहुधा नाहीच. प्रवास नाताळात असेल आणि १ जानेवारीला कारभारी बदलणार असेल, तर जुना पुढच्या वर्षाच्या गोळ्या द्यायला कां-कूं करू शकतो आणि नवा म्हणतो, तुम्ही अजून आमचे नाही.

ओव्हरराइड मिळाला, की बाटली हातात येते. लेबलावरची बारीक अक्षरं वाचायची मला सवय आहे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत ल्युपिन, सिप्ला यांचे कारखाने आहेत आणि तिथली औषधं अमेरिकेत येतात, त्यामुळे अधूनमधून त्या अक्षरांत गोवा सापडतो. म्हणजे गोव्याहून इथवर आलेली गोळी बॅगेत घालून परत गोव्याला न्यायची, तर आधी फोनवर पस्तीस मिनिटं सनई ऐकावी लागते. पलीकडून बाई गोड आवाजात विचारतात, "आपण जिथे जाताय तिथे हे औषध उपलब्ध आहे का?"